टाइम ट्रायल सायकलीचे पुनरुज्जीवन

टाइम ट्रायल सायकलीचे पुनरुज्जीवन म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावण्यासाठी बांधलेली जुनी शर्यतीची सायकल तपासणे, स्वच्छ करणे, दुरुस्त करणे आणि तिला तिच्या काळाशी व मापांशी जुळणारे भाग बसवणे. साध्या सायकलीच्या दुरुस्तीहून हे काम दोन कारणांनी वेगळे ठरते. या सायकलींच्या नळ्या अतिशय पातळ असतात. शिवाय त्यांचे आटे आणि व्यास देशागणिक व काळागणिक बदलतात. त्यामुळे चुकीचा भाग जोराने बसवल्यास फ्रेमचे कायमचे नुकसान होऊ शकते.

== शर्यतीचा प्रकार ==

टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात आणि ठरलेले अंतर कमीत कमी वेळात पार करतात. दुसऱ्याच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेण्याची मुभा नसते. वेग वाढेल तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि सपाट रस्त्यावर स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. म्हणून या सायकलीची रचना स्वाराला वाकलेल्या, निमुळत्या स्थितीत बसवण्याच्या दृष्टीने केलेली असते.

== इतिहास ==

या प्रकाराचा उगम ब्रिटनमध्ये झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सायकल संघटनेने सार्वजनिक रस्त्यांवरील सामूहिक शर्यतींना विरोध केला. त्यावर तोडगा म्हणून फ्रेडरिक टॉमस बिडलेक यांनी ५ ऑक्टोबर १८९५ रोजी ५० मैलांची अशी शर्यत घेतली, जिच्यात स्वार एकेकटे सुटले. पुढे कित्येक वर्षे या शर्यती पहाटे, गाजावाजा न करता होत. स्वार काळे कपडे घालत आणि मार्गांना सांकेतिक नावे दिली जात.

टूर द फ्रान्समध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल पहिल्यांदा १९३४ मध्ये झाली आणि आंतोनँ मान्य याने ती जिंकली. १९७२ मध्ये एडी मर्क्स याने मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. त्याची सायकल पोलादी असूनही अवघी पावणेसहा किलोच्या आसपास होती. १९८४ च्या जानेवारीत फ्रान्चेस्को मोझेर याने तेथेच ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच्या सायकलीला तारांच्या चाकांऐवजी भरीव चकतीची चाके होती. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशीची टाइम ट्रायल २४.५ किलोमीटरची होती. तीत ग्रेग लेमाँड याने पुढे काढलेल्या हँडलवर कोपरे टेकून ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि संपूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९६ च्या लुगानो सनदेत सायकलीच्या आकारावर बंधने घातली. ती २००० पासून लागू झाली. दोन्ही चाके समान व्यासाची असावीत, फ्रेम पारंपरिक त्रिकोणी रचनेची असावी आणि सायकलीचे वजन किमान ६.८ किलो असावे, असे नियम रूढ झाले. लहान पुढचे चाक असलेल्या सायकली त्यामुळे संघटनेच्या शर्यतींतून बाद झाल्या. आज संग्राहकांकडे येणाऱ्या सायकलींत याच पिढीच्या सायकली बऱ्याच असतात.

== पिढ्या आणि ओळख ==

जुन्या टाइम ट्रायल सायकलींचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

* सत्तरच्या दशकापर्यंतच्या सायकली. या दिसायला साध्या शर्यती सायकलीसारख्याच असतात. फ्रेम पोलादी नळ्यांची, खोबणीदार जोडांची आणि पितळी झाळेने जोडलेली असते. अनेकींना फ्रीव्हील नसून चाकाबरोबर सतत फिरणारा स्थिर दाता असतो.
* ऐंशीच्या दशकातील सायकली. यांची वरची नळी पुढे उतरती, पुढचे चाक २४ किंवा २६ इंची आणि हँडल बैलाच्या शिंगांसारखे पुढे वळलेले असते. मागे बहुधा चकतीचे चाक असते.
* नव्वदच्या दशकातील सायकली. यांना कोपरे टेकण्याचे हँडल आणि हवा कापणाऱ्या चपट्या नळ्या असतात. पोलादाबरोबर अॅल्युमिनियम आणि कार्बनचाही वापर दिसतो.

नळीवरील चिकटपट्टी ओळखीसाठी उपयोगी पडते. १९३५ मध्ये आलेल्या ब्रिटिश 'रेनॉल्ड्स ५३१' आणि इटालियन 'कोलंबस' या नळ्या सर्वांत परिचित आहेत. मात्र चिकटपट्टी नंतरही लावता येते. म्हणून तिच्यापेक्षा फ्रेमचे आटे, सीट पोस्टचा व्यास आणि ठोकलेला क्रमांक अधिक विश्वसनीय मानतात.

== मापे ==

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपर आणि आटे मोजण्याची पट्टी वापरून पुढील मापे नोंदवतात.

* बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल बसतो ती आडवी नळी): इंग्रजी पद्धतीत १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असतात. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. इटालियन पद्धतीत व्यास ३६ मिमी आणि इंचाला २४ आटे, तर फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिमी आणि आट्यांतील अंतर १ मिमी असते. या दोन्हींत दोन्ही कप सुलट्या आट्यांचे असतात.
* मागच्या चिमट्यातील अंतर: पाच दात्यांच्या फ्रीव्हीलसाठी १२० मिमी, सहा-सात दात्यांच्या फ्रीव्हीलसाठी १२६ मिमी आणि त्यानंतरच्या काळात १३० मिमी.
* हँडलचा दांडा (स्टेम): सर्वसाधारणपणे २२.२ मिमी. जुन्या फ्रेंच सायकलींत २२ मिमी.
* हँडल पकडीच्या जागी: २५.४, २६ किंवा २६.४ मिमी.
* पायडल: ९/१६ इंच व्यास, इंचाला २० आटे. जुन्या फ्रेंच पायडलांसाठी १४ मिमी. डावे पायडल नेहमी उलट्या आट्यांचे असते.

ही मापे परस्परांच्या फार जवळची आहेत आणि धोका तेथेच आहे. इंग्रजी कप इटालियन फ्रेममध्ये सैल बसतो. फ्रेंच फ्रेममध्ये तो पाना लावून थोडा शिरतो, पण शिरताना मूळ आटे कापत जातो. कप दोन-तीन फेरे हाताने फिरत नसल्यास पान्याचा जोर न लावता थांबावे, हा या कामातील पहिला नियम आहे.

== कामाचा क्रम ==

सायकल खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात. प्रत्येक भागाचा क्रम, वायसरची जागा आणि छर्ऱ्यांची संख्या लिहून ठेवली जाते. कोन आणि कप यांवरील झिजेची रेघ किंवा खड्डे पाहून ते ठेवायचे की बदलायचे हे ठरते. छर्रे मात्र जुने वापरत नाहीत. ते नव्याने भरले जातात.

पोलादी फ्रेममध्ये अडकलेली अॅल्युमिनियमची सीट पोस्ट ही नेहमीची अडचण असते. दोन धातूंमध्ये ओलावा शिरून गंज तयार होतो आणि पोस्ट जणू झाळून टाकल्यासारखी बसते. भेदक तेल अनेक दिवस मुरू देणे, अमोनियाने अॅल्युमिनियमचा गंज सैल करणे आणि शेवटी फ्रेम घट्ट धरून पोस्ट पिळणे असा क्रम ठेवतात. पाइप पान्याने एकदम पिळल्यास पातळ नळी मुरडते. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम विरघळवतो, पण त्यात ज्वलनशील वायू निर्माण होतो आणि त्वचेला व डोळ्यांना गंभीर इजा संभवते. म्हणून तो घरगुती उपाय समजला जात नाही.

पोलादी भागांवरील वरवरचा गंज ऑक्झॅलिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतो. हातमोजे घालणे आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुणे आवश्यक असते. या फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये सुमारे ०.५ ते ०.६ मिमी जाडीच्या असतात. त्यामुळे वाळूच्या जोरदार फवाऱ्याने रंग काढल्यास नळीच झिजते.

फ्रेमची जोडणी तुटल्यास विजेच्या वेल्डिंगने ती जोडत नाहीत. या नळ्या कमी तापमानावर पितळ किंवा चांदीयुक्त मिश्रधातूने जोडण्यासाठी बनवलेल्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचे पोलाद कमकुवत होते आणि पुढची तड तेथूनच जाते. पोलादी फ्रेमचा मागचा चिमटा १२० वरून १२६ मिमीपर्यंत जाणकाराकडून थंड अवस्थेत रुंद करून घेता येतो. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करता येत नाही.

== चाके आणि धावा ==

या सायकलींना बहुतेकदा ट्युब्युलर धावा असतात. यांत ट्यूब धावेच्या आतच शिवलेली असते आणि संपूर्ण धाव रिमला विशिष्ट सोल्यूशनने चिकटवलेली असते. जुने वाळलेले सोल्यूशन खरवडून रिम आणि धाव या दोहोंवर पातळ थर देऊन वाळवावे लागतात. शेवटच्या थरानंतर धाव रात्रभर तशीच ठेवतात. वळणावर धाव रिममधून सुटल्यास स्वार पडतो. म्हणून जुन्या चिकटपणावर विसंबून सायकल चालवत नाहीत.

आपल्याकडील काळ्या सायकलीची '२८ × १ १/२' ही धाव ६३५ मिमी व्यासाच्या रिमसाठी असते, तर शर्यती सायकलीच्या '७०० सी' रिमचा व्यास ६२२ मिमी असतो. नावावरून ती जवळची वाटली तरी बसत नाही. २६ इंची लहान शर्यती चाकाचा व्यास ५७१ मिमी असतो. डोंगरी सायकलीची २६ इंची धाव ५५९ मिमीची असल्याने तीही चालत नाही.

== मूळपणा आणि सुरक्षितता ==

पुनरुज्जीवनात दोन हेतूंची ओढाताण असते. मूळ रंग, चिकटपट्ट्या आणि भाग टिकवल्यास सायकल तिच्या काळाचा पुरावा म्हणून राहते. ती रस्त्यावर चालवायची असल्यास स्वाराचा जीव काही थकलेल्या भागांवर अवलंबून राहतो. फ्रेम, चिमटा, रंग आणि अक्षरे हे परत न मिळणारे भाग आहेत. ते कापणे, घासणे किंवा पुन्हा रंगवणे टाळले जाते. ब्रेकच्या तारा, रबरे, धावा, चेन आणि छर्रे हे झिजण्यासाठीच असतात व निःसंकोच बदलले जातात. अॅल्युमिनियमचे हँडल, स्टेम आणि क्रँक यांत पोलादाप्रमाणे आधी वाकण्याची पूर्वसूचना फारशी मिळत नाही. स्टेमच्या पकडीजवळ, क्रँकच्या मुळाशी आणि पायडलच्या भोकाजवळ केसासारखी चीर दिसल्यास तो भाग कपाटात ठेवला जातो आणि स्वारीसाठी दुसरा लावला जातो. स्थिर दात्याच्या सायकलीला रस्त्यावर चालवताना किमान पुढचा ब्रेक हवाच. काढलेले मूळ भाग नावनिशी सायकलीबरोबर जपून ठेवणे हे चांगल्या कामाचे लक्षण समजतात, कारण त्यामुळे पुढच्या मालकाला सायकल पूर्ववत करता येते.

== महाराष्ट्र आणि अहिल्यानगर जिल्हा ==

महाराष्ट्रात सायकल शर्यतींची परंपरा मुख्यतः सामूहिक शर्यतींची आहे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटाची चढण प्रथम पार करणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात. जुन्या सायकलींच्या जतनासाठी पुण्यातील विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय प्रसिद्ध आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी सायकलिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले आहे.

जिल्ह्यात यंत्रांच्या जतनाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अहिल्यानगर शहराजवळचे रणगाडा संग्रहालय. तेथील रणगाडे पाहण्यासाठी उभे आहेत. त्यांच्या जतनात रूप आणि इतिहास यांना महत्त्व असते. चालवायच्या सायकलीला त्याबरोबर भार सोसण्याची कसोटीही द्यावी लागते. यंत्रकामाची परंपराही जिल्ह्यात आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली पायडलची 'लुना' मोपेड कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरच्या कारखान्यात बनवली. नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लेथवर बारीक काम होऊ शकते. वायसर, एक्सलची नळकांडी किंवा कप काढण्याचे हत्यार अशा गोष्टी नमुना दाखवून घडवून घेता येतात. हँडल, स्टेम आणि क्रँक यांसारखे भार सोसणारे भाग मात्र अंदाजे पोलाद किंवा अॅल्युमिनियम घेऊन घडवणे धोक्याचे असते.

गावातील सायकल दुकानातून या कामासाठी बरेच काही मिळते. पुढच्या हबचे ३/१६ इंची छर्रे, मागच्या हबचे आणि बॉटम ब्रॅकेटचे १/४ इंची छर्रे आणि ग्रीस ही त्यांपैकी काही. ९/१६ इंची आट्यांची पायडलेही चालतात. १/८ इंच रुंद साधी चेन त्याच रुंदीच्या दात्यांच्या स्थिर दात्याच्या सायकलीला लागते, परंतु अनेक दात्यांच्या सायकलीला ३/३२ इंची चेनच हवी. चाकाची आऊट काढण्याचे कौशल्य या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. जुन्या चाकाच्या तारा एकदम न ताणता पाव-पाव फेऱ्याने ताणण्याची सूचना दिली की ते काम तेथे उत्तम होते.

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. कोरड्या हवेमुळे नळ्या आतून कमी गंजतात, पण उन्हाळ्यातील बारीक धूळ हबमध्ये आणि चेनमध्ये शिरते. त्यामुळे ग्रीस लवकर बदलावे लागते. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. पारनेर तालुक्यातील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, इतका या पठारावर वारा असतो. आडव्या वाऱ्यात पुढचे चकतीचे चाक हँडल एका बाजूला ओढते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर पुढे तारांचे चाक वापरले जाते आणि चकती फक्त मागे ठेवली जाते. जोडणी पूर्ण झाल्यावर पहिली फेरी मोकळ्या, सपाट जागेत कमी वेगाने घेतात. त्यानंतर स्टेम, क्रँक आणि चाकांचे सर्व नट पुन्हा तपासून मगच सायकल रस्त्यावर आणली जाते.