सामायिक बटण

ड्रायव्हर म्हटले की चुडाव्याच्या माणसाला आधी इंजिनाचा ड्रायव्हर आठवतो. पूर्णा आणि नांदेडच्या मधले हे लहानसे स्टेशन. त्यामुळे पुण्याहून आलेला माझा भाचा फलाटावरच्या बाकावर बसून, "मामा, मी ड्रायव्हर लिहितो," असे म्हणाला, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहिले.

त्याचा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधला एक प्रोग्राम. कॅमेरा, यूएसबी, पडदा अशा एकेका यंत्राशी बोलणारा दुभाषा म्हणा. यातल्या बऱ्याच चिपांना एक वेगळी तार येते, रिसेटची. बहुधा तिच्यावरचा दाब खाली धरला की चिप थिजून राहते आणि वर सोडला की पहिल्यापासून कामाला लागते.

"मग यात लिहायचे काय? दाबायचे आणि सोडायचे!" मी म्हणालो.

तेवढे सोपे नव्हते. आधी वीज स्थिर हवी, बहुतेक चिपांना ठोके देणारे घड्याळही चालू हवे, मगच तार सोडायची. सोडल्यावरही लगेच बोलायचे नाही. काही मायक्रोसेकंद, कधी काही मिलिसेकंद थांबायचे. किती थांबायचे ते चिप बनवणारा माहितीपत्रकात देतो. घाई केली तर चिप उत्तरच देत नाही, आणि बोभाटा मात्र चिप बिघडल्याचा होतो. शिवाय ती आधीचे सारे विसरलेली असते. सगळ्या सूचना नव्याने द्याव्या लागतात.

खरी गोम पुढे आहे. कधी कधी एकच तार दोन यंत्रांना जाते. एकाच्या ड्रायव्हरने आपले यंत्र अडकले म्हणून ती ओढली, की शेजारचे चालते यंत्रही मध्येच थिजते. लिनक्समध्ये रिसेटच्या तारांची अशी व्यवस्था २०१३ साली आली आणि सामायिक तारांची सोय २०१६ साली. उपाय आपल्या गावकीतला वाटावा असा आहे : किती जणांना तार सोडलेली हवी आहे ते मोजायचे. शेवटच्याने "माझे काम झाले" म्हटल्याशिवाय कुणा एकाच्या सांगण्यावरून ती ओढायची नाही.

मोजण्यावर आपल्या रेल्वेचीही भिस्त आहे. अनेक मार्गांवर रुळाशी ॲक्सल काउंटर बसवलेले असतात. आत किती आस शिरले आणि बाहेर किती पडले, हे जुळले तरच मार्ग मोकळा. मोजणी चुकली तर गाडी निघून गेली तरी यंत्र "आत गाडी आहे" असेच म्हणत राहते. मग रिसेट. पण स्टेशन मास्तरांना ते मनाला येईल तसे करता येत नाही. मार्ग खरोखर रिकामा असल्याची खात्री लागते, दोन स्टेशनांमधल्या मार्गासाठी पलीकडच्या मास्तरांची साथ लागते, आणि प्रत्येक रिसेटचा आकडा नोंदवहीत चढतो. इतके करूनही कित्येक ठिकाणी यंत्र लगेच विश्वास ठेवत नाही. एक गाडी सावधपणे पार होऊन तिचे आस जुळले, की मगच ते मार्ग मोकळा दाखवते.

हे ऐकता ऐकता मला माझी शाखा आठवली. १९९०च्या दशकात आमच्याकडे एक मुख्य संगणक आणि त्याला जोडलेली चार टर्मिनल आली होती. एका दुपारी माझे टर्मिनल अडकले. समोर रांग, त्यात सोमवार. मी आतल्या खोलीत गेलो आणि मुख्य संगणकाचेच रिसेट दाबले. कुणालाही विचारले नाही.

माझे काम सुरू झाले. तिसऱ्या काउंटरवर तेव्हा एका बाईंच्या सातशे रुपयांच्या भरण्याची नोंद चालली होती, ती गेली. संध्याकाळी रोकड सातशेने जास्त निघाली. स्लिप कुठल्या गठ्ठ्यात गेली ते सापडेना. रक्कम तात्पुरत्या खात्यात टाकून आम्ही घरी गेलो. आठवड्याने बाई मुलाच्या फीसाठी पैसे काढायला आल्या. शिल्लक कमी. आमच्यातल्याच एकाने त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा चालत आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली, शिक्क्याची पावती घेऊन. पावती पाहताच माझ्या सारे लक्षात आले. पैसे तिथल्या तिथे दिले.

भाच्याने सगळे ऐकून घेतले. गाडीचा सिग्नल पडला होता.

"मामा, त्यांना सांगितलंत का, बटण तुम्ही दाबलं होतं ते?"

"नाही," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.