न पेरलेले अन्न

मृगाच्या सरी पडून गेल्या की बस्तरच्या साल वनांतील एक चीज भिलाई शहराच्या बाजारात येऊ लागते. सुपेल्याच्या भाजीबाजारात टोपलीतल्या त्या मातकट, बोराएवढ्या गोळ्या पाहून नवख्या मराठी गृहिणीला लहान बटाट्यांचा भास होतो. भाव ऐकताच तो भास नाहीसा होतो. कारण हा बस्तरचा ‘बोडा’ हंगामाच्या आरंभी मटणाहूनही महाग असतो. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांच्यापैकी बहुतेकांना बोडा ठाऊक नव्हता.

बोडा हे भूछत्रच. मात्र छत्रीचा आकार त्याला मुळीच नाही. ते सालवृक्षाच्या मुळांलगत मातीत वाढते. बुरशीचे तंतू झाडाला पाणी व क्षार पुरवितात आणि झाड त्यांना साखर देते. असा हा व्यवहार असल्याने बोड्याची शेती अद्याप कोणाला साधलेली नाही. साल तुटला की बोडाही गेला.

छत्तीसगढी भाषेत अळंब्यांना ‘फुटू’ म्हणतात. पैरा म्हणजे भाताचा पेंढा. त्यावर उगवतो तो पैरा फुटू. भिंभोरा म्हणजे वारूळ. तेथे येतो तो भिंभोरा फुटू. नावातच ठिकाण सांगितलेले आहे, आणि ही नुसती सोय नव्हे. वारुळातील अळंबे मनुष्याने पेरलेले नसले, तरी अगदी रानटीही नाही. त्याची मशागत वाळवी करते. लाकूड-पाल्याचा चोथा रचून ती त्यावर ही बुरशी पोसते, कारण तो चोथा पचविण्याचे काम बुरशीच करते. पावसाळ्यात त्याच बागेतून छत्र्या वर येतात. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात. तेथील रोयणीची अळमी प्रसिद्धच आहेत. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सातेरी देवीची पूजा होते ती वारुळाच्या रूपात. ज्या मातीच्या ढिगाला भूमीचे प्रतीक मानले, त्याच्याच पोटातून हे अन्न यावे, हा योग मोठा सुंदर आहे.

आपल्या प्राचीनांचे मात्र याबाबतीत एकमत नव्हते. मनुस्मृतीने ‘छत्राक’ द्विजांना निषिद्ध ठरविले. उलट ‘मेघदूता’त कालिदासाने मेघगर्जनेने उगवणारे ‘शिलीन्ध्र’ हे धरणीच्या सुफलतेचे चिन्ह मानले. या शब्दाचा अर्थ बहुतेक भाषांतरकार भूछत्र असाच करतात. गडगडाटाने अळंबी उगवतात ही समजूत आजही खेड्यापाड्यांत आहे. निषेधामागे शुचितेची कल्पना असो वा विषाची धास्ती, धास्तीला आधार होता हे खरे.

विषारी छत्र्यांतील काही जातींचे विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग वांत्या-जुलाब होतात. पुढे थोडा उतार पडल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. चांदीचा चमचा काळा पडला तर ते विषारी, किडीने खाल्ले तर ते निर्धोक, हे ठोकताळे साफ चुकीचे आहेत. खरी ओळख जातीचीच हवी, आणि ती कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात, कशाच्या सोबतीने आले यावरून पटते. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईपाशी ही विद्या असते. तिच्याकडून फुटू घेणे वेगळे आणि अंगणात दिसलेली छत्री उपटून शिजविणे वेगळे.

श्रावण वद्य षष्ठीला सुपेल्यात अशाच टोपल्यांभोवती पुन्हा गर्दी जमते. तो कमरछठचा दिवस. मुलांच्या आयुष्यासाठी उपवास करणाऱ्या माता त्या दिवशी नांगरट केलेल्या जमिनीतले काही खात नाहीत. आपोआप उगवलेला पसहर तांदूळ आणि सहा प्रकारच्या भाज्या एवढ्यावर उपवास सुटतो. षष्ठी हा हलधर बलरामाचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी हलाला विश्रांती. मराठी घरांत पंधरवड्याने ऋषिपंचमी येते. तेथे बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य असते, आणि परसातले अळू, माठ, सुरण, अंबाडी एकत्र करून ऋषीची भाजी होते. छत्तीसगढी ‘बारी’ म्हणजे आपले परसच. अळूला तेथे कोचई म्हणतात, अंबाडीला अमारी. भिलाईच्या मराठी सुनेला आपल्या पंचमीची बरीचशी भाजी शेजारणीच्या बारीतच मिळून जाते.