समजून घ्या : भाजी चिरायला चॉपर घ्यावा की धारदार सुरीच पुरेशी?

दोरी तीन-चार वेळा ओढली की कांदा बारीक चिरून तयार, अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. काहीशे रुपयांचा चॉपर घरी येतो, पहिला आठवडा हौसेने वापरला जातो आणि बऱ्याच घरांत पुढे ओट्याखालच्या कपाटात जाऊन बसतो. ही साधने खरोखर वेळ वाचवतात का? कोणत्या भाजीला ती चालतात? आणि पैसे चॉपरवर खर्च करावेत की सुरीवर?

बाजारात कोणती साधने मिळतात?

मुख्य प्रकार चार. पहिला, दोरी ओढायचा चॉपर. यात भांड्याच्या मध्यभागी दोन-तीन पाती फिरतात. दुसरा, दाबायचा चॉपर. जाळीदार पात्यावर भाजी ठेवून झाकण दाबले की चौकोनी फोडी खालच्या डब्यात पडतात. तिसरा, काकडी-बटाट्याच्या पातळ चकत्या पाडणारा स्लायसर. चौथा, विजेवर किंवा चार्जिंगवर चालणारा चॉपर आणि त्याचा थोरला भाऊ फूड प्रोसेसर.

ही कल्पना नवी नाही आणि तिची जाहिरातही नवी नाही. अमेरिकेत सॅम्युएल पोपील यांनी तयार केलेले ‘व्हेज-ओ-मॅटिक’ १९६३ मध्ये बाजारात आले. त्यांचे पुत्र रॉन पोपील यांनी टीव्हीवर प्रात्यक्षिके दाखवून ते घराघरांत पोहोचवले. आजच्या रील्स त्याच वाटेने चालल्या आहेत. त्यांत कांदा आधीच सोललेला असतो आणि भांडी घासणे दाखवले जात नाही.

चॉपर आणि सुरी यांच्या कापण्यात फरक काय?

सुरीने प्रत्येक काप कुठे आणि किती जाड घ्यायचा, हे हात ठरवतो. फिरत्या पात्याच्या चॉपरमध्ये ते ठरवता येत नाही. तळाचे तुकडे पुन्हा पुन्हा कापले जातात, वरचे मोठेच राहतात. सगळे सारखे व्हावे म्हणून आणखी चार वेळा दोरी ओढली की तळाशी लगदा होतो. भाजीच्या पेशी जितक्या जास्त फुटतात, तितका रस जास्त बाहेर येतो.

त्यामुळे टोमॅटो आणि काकडीला पाणी सुटते, कोथिंबीर काळवंडते आणि भेंडी चिकट होते. खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात, भज्यांसाठी कांदा उभा आणि पातळ चिरतात. ही कामे चॉपरकडून होत नाहीत. याउलट वाटणाचा कांदा, पावभाजीचे गाजर-फ्लॉवर, पराठ्याच्या सारणाचा कोबी यांत तुकडा थोडा लहान-मोठा झाला तरी बिघडत नाही. तिथे चॉपर चांगला चालतो. बटाट्याच्या काचऱ्या किंवा वेफर्स करायचे तर स्लायसरइतक्या एकसारख्या चकत्या हाताने पाडणे अवघडच. सुरण, लाल भोपळा असे टणक प्रकार मात्र प्लास्टिकच्या चॉपरमध्ये घालू नयेत. दोरी तुटते किंवा झाकणाचे दाते झिजतात.

वेळ खरोखर वाचतो का?

हिशेब फक्त चिरण्याचा धरला तर वाचतो. पण कांदा सोलून त्याच्या चार फोडी करायला आधी सुरी लागतेच. नंतर भांडे, पाते आणि झाकण धुवावे लागते. दोरीचे झाकण सहसा पाण्यात बुडवून चालत नाही, ते पुसून घ्यावे लागते. एक-दोन कांद्यांसाठी एवढा व्याप केला तर तेवढ्यात सुरीने कांदा चिरून फोडणीत पडलेला असतो. किलोभर कांदा चिरायचा असेल, घरी पाहुणे असतील किंवा डब्यांचा व्यवसाय असेल, तर धुणे एकदाच आणि चिरणे भरपूर, त्यामुळे पारडे चॉपरकडे झुकते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. अनेक घरांतील मिक्सरला क्षणभर फिरवून थांबवण्याची, म्हणजे ‘पल्स’ची सोय असते. वाटणासाठी भरड कांदा हवा असेल तर त्यावर काम भागते.

सुरी धारदार असेल तर डोळ्यांत पाणी कमी येते का?

हो. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातील विकरे आणि गंधकयुक्त घटक एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरी कांदा कापण्याआधी दाबते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने याचे चित्रण केले. बोथट पात्यामुळे आणि घाईने कापल्यामुळे रसाचे थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात, असे त्यांना दिसले. चॉपरचे झाकण बंद असल्याने चिरताना डोळे वाचतात, हा त्याचा खरा फायदा. मात्र झाकण उघडताना चेहरा जरा लांब ठेवावा.

सुरी कशी असावी आणि धार कशी राखावी?

रोजच्या भाजीला १५ ते २० सेंटीमीटर पात्याची, मुठीत नीट बसणारी स्टेनलेस स्टीलची एक सुरी पुरते. लसूण-मिरचीसाठी एक लहान सुरी जवळ असावी. सुरीचा शत्रू म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे ताट आणि काचेचा बोर्ड. त्यांच्यावर धार लवकर जाते. लाकडी किंवा प्लास्टिकचा बोर्ड वापरावा आणि तो सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे.

टोमॅटोची साल न दाबता कापली जात नसेल, तर सुरी बोथट झाली असे समजावे. धार लावण्याच्या दगडावर पाते १५ ते २० अंशांच्या कोनात, दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. ते जमत नसेल तर दारावर येणारा धारवाला हे काम थोडक्या पैशांत करतो. विळीलाही हाच नियम लागू आहे.

जास्त सुरक्षित काय?

बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोटावर येते. धारदार सुरी वापरताना भाजी धरलेल्या हाताची बोटे आत वळवून ठेवली की धोका कमी होतो. स्लायसर सर्वांत जपून वापरायचे साधन. त्याच्यासोबत येणारी पकड न वापरता शेवटचा तुकडा हाताने सरकवण्याच्या नादात बोटाचे टोक कापले जाते. चॉपरचे पाते फेसाच्या पाण्यात दिसत नाही, म्हणून ते वेगळे काढून वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

मग चॉपर कोणी घ्यावा?

संधिवात, मनगटाचे दुखणे किंवा हाताला कंप असलेल्यांसाठी चॉपर ही चैन नाही. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येण्याचे ते साधन आहे. मात्र दोरी ओढायला पकड लागते आणि दाबायच्या चॉपरला मनगटाचा जोर लागतो. त्यामुळे अशांनी बटणावर चालणारा चॉपर पाहावा आणि घेण्यापूर्वी त्याचे झाकण स्वतःच्या हाताने लावता-काढता येते का, हे तपासावे. रोज मोठ्या प्रमाणात बारीक कांदा लागणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो.

तीन-चार माणसांच्या घरात मात्र आधी घरातल्या सुरीला धार लावून आठवडाभर वापरून पाहावी. त्यानंतरही चिरण्याचा कंटाळा तेवढाच राहिला, तर चॉपर खुशाल घ्यावा. बऱ्याचदा अडचण चिरण्यात नसते, बोथट सुरीत असते.