वर जाणे, खाली येणे

तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त मास्तराने चंद्रपुरात येऊन विलायतेतल्या खालच्या दर्जाच्या फुटबॉलवर बोलावे, याचे संयोजकांना जरा नवलच वाटले. त्यांनी आम्हाला फोनवर दोनदा विचारून घेतले की विषय नक्की हाच ना? हाच. मागच्या व्याख्यानात आपण समतेवर बोललो, आणि ते सगळे फार हवेत राहिले अशी एका श्रोत्याची तक्रार होती. ती रास्त होती. म्हणून आज जमिनीवरून, मैदानावरून बोलू.

आपल्याकडे स्पर्धा म्हटली की काय डोळ्यांपुढे येते? दिवाळीनंतरची मंडई, कबड्डीचे सामने, ट्रॅक्टरवरून आलेले संघ. पद्धत एकच : हरला तो घरी. सकाळी हरलेला संघ दुपारी भजी खात प्रेक्षकांत बसलेला असतो. यात मजा आहे, पण निम्म्या संघांचा खेळ एकाच सामन्यात संपतो.

दुसरी पद्धत लीगची. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. इंग्लंडात प्रीमियर लीगच्या खाली जी लीग आहे तिच्या तीन पायऱ्या आहेत : चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू. प्रत्येकीत २४ संघ, म्हणजे प्रत्येकाचे ४६ सामने. ऑगस्टात सुरुवात, मे महिन्यात शेवट. जिंकले तर ३ गुण, बरोबरीला १. आता लीगचीही एक अडचण असते. फेब्रुवारी उजाडला की पहिला कोण येणार ते साधारण कळते, आणि बाविसाव्या क्रमांकाच्या संघाने मग कशासाठी धावायचे? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की वरचे काही संघ पुढच्या वर्षी एक पायरी वर जातात आणि तळाचे काही खाली येतात. चॅम्पियनशिपमधून तीन खाली, लीग वनमधून चार, लीग टूमधून दोन. लीग टूच्या खाली पाचवी पायरी आहे आणि तिच्याही खाली पायऱ्या उतरत उतरत गावच्या मैदानापर्यंत जातात.

काही वर्षांपूर्वी आम्ही भाचीकडे इंग्लंडात दोन महिने राहिलो होतो. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. एका शनिवारी ते आम्हाला गावच्या क्लबचा सामना बघायला घेऊन गेले. चौथ्या पायरीवरचा क्लब, तोही तळाजवळचा. एप्रिल महिना, भुरभुर पाऊस, दोन-अडीच हजार माणसे. खेळ सुमारच होता, खोटे कशाला बोला. पण मध्येच, चेंडू मैदानाच्या मधोमध रेंगाळत असताना, सगळे एकदम ओरडून उठले. आम्हाला काही कळेना. शेजारी म्हणाले, अमक्या गावाला आत्ता गोल झाला. दूर दुसऱ्याच मैदानावर, तळातल्या दुसऱ्या संघाविरुद्ध कुणीतरी गोल मारला होता, आणि त्यामुळे आमच्यापुढच्या रटाळ बरोबरीला एकाएकी किंमत आली होती. एखाद्या गोष्टीचे मूल्य तिच्या एकटीत नसते, ती ज्या व्यवस्थेत बसते तिच्यात असते, हे आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवले. त्या दिवशी ते भिजत भिजत कळले.

ही पद्धत सुरुवातीपासून अशी नव्हती, आणि इथे गोष्ट आपल्या कामाची होते. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ साली १२ क्लबांनी सुरू केली. १८९२ मध्ये दुसरा विभाग आला आणि १८९८-९९ पासून दोन विभागांमध्ये आपोआप वर-खाली जाणे सुरू झाले. पण हे लीगच्या आतल्या आत. सगळ्यात खालचा दरवाजा, लीगच्या बाहेर जाण्याचा, मात्र मतदानाने चालायचा. तळाच्या क्लबांनी फेरनिवडीसाठी अर्ज करायचा आणि सभासद क्लबांनी मते द्यायची. आता सभासद कोण? रोजचे ओळखीचे. बाहेरचा क्लब कितीही चांगला खेळो, मत सहसा ओळखीच्यालाच जायचे. हार्टलपूल नावाच्या क्लबाला असा अर्ज १४ वेळा करावा लागला आणि प्रत्येक वेळी त्याला ठेवून घेतले. आमचे हार्टलपूलशी काही वाकडे नाही. पण चौदा वेळा, म्हणजे जरा अतीच झाले की नाही? (हशा)

हे १९८६-८७ च्या हंगामापासून बदलले. मते बंद, जो शेवटचा तो बाहेर, बाहेरच्यांत जो पहिला तो आत. त्या वर्षी लिंकन सिटी बाहेर गेला आणि स्कारबरो आत आला. लिंकन पुढच्याच वर्षी जिंकून परत आला. स्कारबरोची गोष्ट मात्र वेगळी. ८ मे १९९९, हंगामाचा शेवटचा दिवस. स्कारबरोचा सामना १-१ बरोबरीत सुटला होता आणि लोक आनंदाने मैदानात उतरले होते, कारण तिकडे कार्लाइलही बरोबरीतच अडकला होता आणि तसाच राहिला असता तर कार्लाइल बाहेर जाणार होता. कार्लाइलचा गोलकीपर जिमी ग्लास, दुसऱ्या क्लबाकडून काही सामन्यांपुरता उसना आणलेला, भरपाई वेळेच्या अखेरच्या क्षणांत कॉर्नरसाठी पुढे धावला. चेंडू त्याच्याच पायाशी आला आणि त्याने गोल मारला. कार्लाइल राहिला. ज्या दरवाजाने स्कारबरो सर्वांत आधी आत आला होता, त्याच दरवाजाने तो बाहेर गेला. २००७ मध्ये तो क्लब कर्जापायी बंद पडला.

हे ऐकून कुणालाही वाईट वाटेल, आम्हालाही वाटते. खाली जाणे म्हणजे नुसता तक्त्यातला क्रमांक नव्हे. उत्पन्न घटते, खेळाडू जातात, कपडे धुणाऱ्या बाईचे आणि तिकीट फाडणाऱ्या माणसाचे काम जाते. मग हा निर्दयपणा कशासाठी? सगळ्यांना वर येऊ द्यावे, खाली कुणालाच ढकलू नये, असे का नको?

इथे चंद्रपुरातच एक गोष्ट आठवते. तेव्हाच्या चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. प्रत्येक जात एकेक मजला, पण मजल्यांना जोडणारी शिडी नाही. या उपमेचा अर्धा भाग आपण नेहमी सांगतो : खालचा माणूस कितीही लायक असला तरी वर जाऊ शकत नाही. दुसरा अर्धा भाग आपण विसरतो, तो त्यांनी तिथेच मांडला आहे : वरच्या मजल्यावरचा कितीही नालायक असला तरी त्याला खाली पाठवण्याची सोय नाही. मजल्यावरच्या जागा मोजक्या असल्या की या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत. वरच्याला उतरावे लागत नसेल, तर खालच्याला दिलेले चढण्याचे आश्वासन फक्त कागदावर राहते. आपल्या पुराणात तर इंद्रपदालासुद्धा हा नियम लागू आहे. नहुष राजा त्या पदावर चढला आणि माज केला म्हणून अजगर होऊन खाली आला.

आता आपल्या अंगणात येऊ. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. २००२-०३ मध्ये रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन दर्जे आले, आणि विदर्भाची त्यातली बरीच वर्षे प्लेटमध्ये गेली. मुंबई-कर्नाटकाशी गाठ पडण्याचाच प्रश्न नव्हता. पण प्लेटला दरवाजा होता. २०१०-११ मध्ये राजस्थानने प्लेटमधून सुरुवात करून थेट रणजी करंडकच जिंकला. कर्णधार आपला पुण्याचा हृषीकेश कानिटकर. पुढे रचना बदलत गेली, दर्जे मिटले, पुन्हा आले. २०१७-१८ मध्ये २८ संघ चार समान गटांत होते, तेव्हा विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी आणि अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीला ९ गडी राखून हरवले. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. पहिल्या विजेतेपदाला साठ वर्षे लागली. वेकोलिच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव याच संघातून भारताकडून खेळायला गेला.

फुटबॉलमध्ये मात्र आपण उलटे वागलो. गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब घ्या. २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेता. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये ११ संघ होते. त्यांपैकी पुण्याच्या भारत एफसीला नवा आणि थेट प्रवेश मिळालेला संघ म्हणून खाली जाण्यापासून सूट होती. म्हणजे तो अकरावा आला असता तरी खाली जाणार होता दुसराच कुणीतरी. गेला धेंपो. सूट मिळालेला भारत एफसी त्या एका हंगामानंतर बंदच झाला. धेंपोने रडारड केली नाही. २०१५-१६ मध्ये दुसऱ्या विभागात खेळून, तिथे पहिला येऊन वर परतण्याचा हक्क मिळवला.

पण तोवर शिडीच उचलली जात होती. २०१४ मध्ये आलेल्या आयएसएलमध्ये संघ यायचे ते पैसे भरून, आणि खाली जाण्याची भानगडच नव्हती. तिलाच देशाची वरची लीग करायचे ठरत गेले. खेळून वर जाता येणार नसेल तर खेळायचे कशाला, असे म्हणत साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. पुढे चढण्याची वाट उघडली : २०२३ मध्ये पंजाब एफसी, २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग आयएसएलमध्ये गेले. धेंपोही आय-लीग २ मध्ये दुसरा येऊन २०२४-२५ साठी आय-लीगमध्ये परतला. पण उतरण्याची वाट? २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत आयएसएलमधून एकही संघ खाली आलेला नाही.

इंग्लंडचे तरी सगळे गोड आहे असे नाही. प्रीमियर लीगमधून उतरणाऱ्याला काही वर्षे पॅराशूट म्हणून पैसे मिळतात, मग तोच खालच्या पायरीवर इतरांपेक्षा श्रीमंत ठरतो आणि लवकर वर जातो. पडणाऱ्याच्या अंगाखाली गादी घालावी, हे आम्हाला मान्य आहे. पण ती त्याला शेजाऱ्यापेक्षा उंच करण्याइतकी जाड असू नये.

व्याख्यान संपल्यावर गडचिरोलीहून आलेल्या एका तरुणाने विचारले, "सर, आमच्या जिल्ह्याचा संघ काढला तर वर जायला किती वर्षं लागतील?" आम्ही तिथल्या तिथे बोटांवर मोजले. राज्याच्या लीगमधून निवड होऊन आय-लीग ३, मग आय-लीग २, मग आय-लीग. एकदाही न अडखळता चढलात तर चौथ्या हंगामात आयएसएल. इंग्लंडात एएफसी विम्बल्डन हा समर्थकांनी २००२ मध्ये नवा काढलेला क्लब नवव्या पायरीवरून लीग टूपर्यंत चढला, त्याला नऊ वर्षे लागली. तरुण म्हणाला, "नऊ चालतील सर, पण सराव कुठं करू? मैदानावर दिवाळीनंतर मंडई असते." त्याला आम्ही म्हटले, मग दिवाळीआधी सुरू करा, आणि पहिला सामना चंद्रपूरशी ठेवा. (हशा) तो म्हणाला, "ठेवतो. पण हरलं ते खाली, हे आधीच लिहून घ्या."