पंख्याच्या रेग्युलेटरने पट्टा हळू होत नाही

सायकल स्टँडवर चढवून, पॅडल मारत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या कारागिराकडे वेग बदलायचं एकच साधन असतं, ते म्हणजे त्याचा पाय. कोयत्याचं जाड पातं आलं की पाय जोरात चालतो, नाजूक कात्री आली की मंदावतो. दगडाचा आवाज ऐकून आणि ठिणग्यांचा रंग पाहून तो हे ठरवतो. घरी बेल्ट ग्राइंडर बनवायला निघालेल्या माणसाला नेमकी हीच गोष्ट विजेकडून करून घ्यायची असते, आणि गैरसमजही इथेच सुरू होतात.

नाशिक जिल्ह्यात या यंत्राची गरज समजावून सांगावी लागत नाही. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा वर्षातून दोन छाटण्या होतात आणि छाटणीच्या कात्रीला धार नसेल तर काडी कापली न जाता चिरडते. यंत्राचा सांगाडा अवघड नाही. चौकोनी पाइपची चौकट, दोन-तीन चाकं, पट्टा ताणून धरणारी स्प्रिंग आणि ५० मिलिमीटर रुंद, १८३० मिलिमीटर लांबीचा सँडपेपरचा पट्टा, एवढंच लागतं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती जवळ असल्याने लेथवर चाक कातून घेणं किंवा प्लेट कापून घेणं नाशकात सोपं जातं. गाडी अडते ती मोटरीपाशी.

सर्वात पक्का बसलेला समज असा, की हॉर्सपॉवर वाढली की वेग वाढतो. तसं होत नाही. इंडक्शन मोटरीचा वेग दोनच गोष्टी ठरवतात: विजेची फ्रिक्वेन्सी आणि वायंडिंगमधल्या पोलची संख्या. फ्रिक्वेन्सीला १२० ने गुणून पोलच्या संख्येने भागलं की मिनिटाचे फेरे मिळतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दोन पोलच्या मोटरीचा हिशोब ३००० वर येतो आणि चार पोलच्या मोटरीचा १५०० वर. प्रत्यक्षात भाराखाली थोडी घसरण होते, त्यामुळे नेमप्लेटवर साधारण २८८० किंवा १४४० असे आकडे दिसतात. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर, पोल सारखे असतील तर जवळपास त्याच वेगाने फिरतात. हॉर्सपॉवर कामी येते ती पातं पट्ट्यावर दाबल्यावर, कारण कमी ताकदीची मोटर तेव्हा गुदमरते.

हे कळलं की पुढचा गैरसमज आपोआप उघडा पडतो. घरघंटीची जुनी सिंगल फेज मोटर घ्यायची, तिला पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावायचा आणि वेग कमी-जास्त करायचा, हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि त्याने मोटरी जळतात. रेग्युलेटर व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सी नाही. मोटर आपल्या १४४० किंवा २८८० च्या आसपासच राहायला धडपडते, पण तिची ओढ, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आणलं की ओढ निम्मीच उरते. पातं टेकवताच मोटर दबते, जास्त करंट खेचते आणि तापते. त्यात कपॅसिटर स्टार्ट मोटरीत एक सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. मोटर पूर्ण वेगाच्या साधारण ७०-७५ टक्क्यांवर पोचली की तो सुरुवातीची वायंडिंग तोडून देतो. वेग त्याखाली घसरला की तो स्विच पुन्हा जुळतो आणि काही सेकंदांसाठी बनवलेली ती वायंडिंग सतत चालू राहून जळते.

मग पंख्याला रेग्युलेटर कसा चालतो? कारण पंख्याचा भार वेगळा आहे. वेग निम्मा केला की पंख्याला लागणारी शक्ती आठव्या भागावर येते, म्हणून ताकद घटलेली मोटरही ते काम निभावते. ग्राइंडरला ही सवलत नाही. जाड पातं हळू वेगात घासतानाच त्याला खरी ओढ लागते.

वेग बदलायचा तर फ्रिक्वेन्सी बदलायला हवी, आणि ते काम व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, करते. कारखान्यात तिला नुसतं ड्राइव्ह म्हणतात. ती घरच्या विजेची आधी डीसी करते आणि त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची तीन फेजची वीज तयार करते. इथे एक जुना समज आडवा येतो: थ्री फेज मोटर म्हणजे महावितरणकडून थ्री फेज मीटर घ्यावा लागणार. तशी गरज नाही. सिंगल फेज २३० व्होल्ट आत घेणारी आणि थ्री फेज बाहेर देणारी ड्राइव्ह सहज मिळते. घरच्या ग्राइंडरसाठी थ्री फेज मोटर आणि अशी ड्राइव्ह हीच जोडी घ्यावी. थ्री फेज मोटरीत ना कपॅसिटर असतो, ना सेंट्रिफ्यूगल स्विच, त्यामुळे बिघडणाऱ्या दोन वस्तू मुळातच कमी होतात.

मात्र या ड्राइव्हमधून बाहेर पडणारी तीन फेजची वीजही २३० व्होल्टचीच असते, आणि बहुतेकांचे पैसे इथे वाया जातात. बाजारातली मोटर ४१५ व्होल्टची असते. दोन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरी सहसा स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून, जोडलेल्या असतात. तशीच ती २३० च्या ड्राइव्हवर चढवली तर फिरते छान, पण ओढ मूळच्या तीस टक्क्यांच्या आसपास उरते. पट्टा हाताने दाबला तरी थांबेल अशी अवस्था. मग दोष ड्राइव्हला दिला जातो. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर जोडणीच्या धातूच्या पट्ट्या बदलून ती मोटर डेल्टात, म्हणजे वायंडिंग एकमेकींना त्रिकोणात, जोडायची, म्हणजे तीच मोटर २३० वर पूर्ण ताकदीने चालते. तीनच वायरी बाहेर असतील तर वायंडरकडून आतला स्टारचा जोड उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्यावी लागतात. मोटर विकत घेण्याआधी बॉक्सचं झाकण उघडून टोकं मोजायला आणि नेमप्लेटवरचं स्टार-डेल्टाचं चिन्ह वाचायला दोन मिनिटं लागतात. तीन हॉर्सपॉवर आणि त्यावरच्या मोटरी बहुधा ४१५ वरच डेल्टात असतात. त्यांना ही युक्ती लागू पडत नाही, म्हणून ‘मोठी घेऊन ठेवू’ म्हणणारा इथे फसतो.

दोन हॉर्सपॉवर, म्हणजे दीड किलोवॉट, घरच्या कामाला पुरेशी आहे. एवढ्या मोटरीची ड्राइव्ह भाराखाली १५ अँपिअरच्या आसपास करंट खेचू शकते, तेव्हा मोबाइल चार्जरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन काढून भागणार नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र वायर आणि खरंखुरं अर्थिंग हवं.

आता पोलचा प्रश्न. ‘ग्राइंडरला २८८० चीच मोटर लागते’ हे वाक्य ड्राइव्ह नव्हत्या तेव्हाचं आहे. मोटरीवर बसवलेलं १२५ मिलिमीटर व्यासाचं चाक २८८० वर पट्ट्याला सेकंदाला सुमारे १९ मीटर वेग देतं, १४४० वर साडेनऊच्या थोडं खाली. पण दोन हॉर्सपॉवरच्या चार पोलच्या मोटरीची ओढ दोन पोलच्या दुप्पट असते. पट्टा साडेनऊ मीटरने चालवायचा असेल तर दोन पोलची मोटर २५ हर्ट्झवर आणावी लागते आणि तिथे ती एकच हॉर्सपॉवर देते, कारण ड्राइव्हवर ओढ टिकते पण वेगासोबत शक्ती घटते. चार पोलची त्याच वेगाला पूर्ण दोन देते. चाक १५० मिलिमीटरचं घेतलं आणि ड्राइव्ह ७५ हर्ट्झपर्यंत नेली तर तिचा पट्टा १७ मीटरच्या आसपास पोचतो. अर्थात ५० हर्ट्झच्या वर तिचीही ओढ कमी होत जाते, आणि चाक नीट बॅलन्स केलेलं हवं. ज्याला मुख्यतः धार लावायची आहे त्याने चार पोल घ्यावी. लोखंडाच्या पट्टीतून सुऱ्या घडवणाऱ्याला, जिथे दिवसभर भराभर माल उतरवायचा असतो, दोन पोल सोयीची.

धारेसाठी कमी वेग का, याचं उत्तर पात्याच्या रंगात दिसतं. पाणी दिलेलं कार्बन स्टील घासताना २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळं दिसू लागतं, ३०० च्या आसपास निळं. निळी झालेली धार मऊ पडलेली असते आणि नुसतं पाण्यात बुडवून तो कडकपणा परत येत नाही. वेगवान पट्ट्यावर छाटणीच्या कात्रीचं पातळ टोक काही क्षणांत निळं होतं. मग ती कात्री घरी लखलखते आणि बागेत दुसऱ्या दिवशी बोथट होते.

हळू चालवली की मोटर गार राहते, असंही म्हणतात. उलट आहे. बंद बॉडीच्या मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, वेग कमी झाला की वाराही कमी. १५-२० हर्ट्झवर भार देऊन तासभर काम करायचं असेल तर बॉडीवर मधूनमधून हात ठेवून पाहावं, किंवा वेगळा छोटा पंखा लावावा. बॉडी मात्र बंदच हवी. ट्रेडमिलची जुनी डीसी मोटर स्वस्त मिळते आणि तिचा वेगही बदलतो, पण ती बहुधा उघडी असते आणि तिच्यावर छापलेली हॉर्सपॉवर अनेकदा क्षणभराची असते.

पोलादाची धूळ वीज वाहून नेते. ड्राइव्हच्या जाळीतून ती आत गेली की सर्किट शॉर्ट होतं, म्हणून ड्राइव्ह पट्ट्यापासून दूर, ठिणग्यांच्या रेषेबाहेर, धूळ न शिरणाऱ्या पण उष्णता बाहेर सोडण्याइतक्या मोठ्या डब्यात बसवावी. मेन्सची वायर चुकूनही यू-व्ही-डब्ल्यू या मोटरीच्या टर्मिनलना जोडू नये, ड्राइव्ह तिथल्या तिथे संपते. मोटर आणि ड्राइव्हच्या मध्ये स्विच टाकून चालू-बंद करू नये, त्यासाठी ड्राइव्हचेच स्टार्ट-स्टॉप टर्मिनल वापरावेत. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं साठून असते, तेवढा वेळ झाकणाला हात लावू नये.

शेवटची एक सेटिंग बागेतल्या शेडमध्ये फार महत्त्वाची. काम चालू असताना लाइट जाते, माणूस कात्री बाजूला ठेवून पट्टा बदलायला घेतो आणि पाच मिनिटांनी लाइट येते. साध्या स्विचवर चालणारी मोटर त्या क्षणी आपोआप फिरू लागते, आणि ड्राइव्हमध्ये ऑटो रिस्टार्ट चालू ठेवला असेल तर तीही. तो पर्याय बंद करावा, आणि स्टार्टचं बटण असं निवडावं की बोटाने पुन्हा दाबल्याशिवाय पट्टा हलणार नाही.