पोटाचं गाऱ्हाणं मेंदूपर्यंत

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, पोट कितीतरी वर्षं कुरकुरायचं. दोन-दोन, तीन-तीन दिवस साफ व्हायचं नाही. रात्री एरंडेल, सकाळी गरम पाणी, असं चालायचं. ‘वय झालं की होतंच गं,’ असं त्या म्हणायच्या आणि आम्हीही तसंच म्हणायचो.

मग एका संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या यात्रेतून येऊन तिळगूळ वाटताना त्यांचा उजवा हात थरथरताना दिसला. तेही वयावर ढकललं. पुढं चाल मंदावली, चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. निदान झालं, पार्किन्सन. डॉक्टरांनी विचारलं, ‘बद्धकोष्ठता किती वर्षांपासून आहे?’ मी चक्रावले. हाताच्या कंपाचा आणि पोटाचा काय संबंध?

संबंध आहे, मैत्रिणींनो. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांत बद्धकोष्ठता हाताच्या कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते.

पोटातून वर जाणारे निरोप

आपल्या शरीरात जेवढ्या पेशी, साधारण तेवढेच जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचं जेवण. तो खाऊन ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं, सूज आटोक्यात राहते. शिवाय व्हेगस नावाची लांब नस मेंदूपासून थेट आतड्यापर्यंत जाते. भीतीनं पोटात गोळा येतो तो उगाच नाही. या नसेतून पोटाकडूनही मेंदूला निरोप जात असतात.

२००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर वाढवले. साध्या ताणानंही ते इतर उंदरांपेक्षा जास्त बिथरले. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात पार्किन्सनच्या रुग्णांच्या पोटातले जिवाणू, त्या आजाराकडं झुकणाऱ्या उंदरांना दिले. त्यांची हालचाल आणखी बिघडली. २०१९ मध्ये बेल्जियमच्या शास्त्रज्ञांना नैराश्य असलेल्या माणसांच्या पोटात काही विशिष्ट जिवाणू कमी आढळले.

पण थांबा. जिवाणू कमी झाले म्हणून नैराश्य आलं, की नैराश्यात जेवणखाण सुटलं म्हणून जिवाणू कमी झाले? याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

एका आजारात मात्र शंका नाही. यकृत फार बिघडलं की आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेला अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. माणूस बरळतो, रात्रंदिवस विसरतो. त्यावर डॉक्टर पोट साफ होण्याचं औषध देतात, जिवाणू कमी करणारी गोळीही देतात, आणि डोकं ताळ्यावर येतं!

आपली भाकरी काय वाईट?

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेला जातीचे जिवाणू भरपूर असतात. धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्यांत ते जास्त सापडतात. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते, तिथल्या बायकांनी चोथ्याची पाकिटं विकत कशाला आणायची? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, भोगीची मिसळीची भाजी, थंडीतला हुरडा, सगळ्यात चोथा आहे. शिळी भाकरी कुस्करून ताकात खातो, तीही चांगलीच. गार झालेल्या भाकरीतला काही पिष्टमय भाग लवकर पचत नाही, तो जिवाणूंच्या वाट्याला जातो.

घरचं दही-ताकही रोज असू द्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता वाढलेली दिसली. पण कढी उकळली, की दह्यातले जिवाणू जिवंत राहत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. दिवसभर विड्या वळायला बसलेली बाई उठत नाही. एसटीनं जाणारी, स्टँडवरचं बाथरूम नको म्हणून पाणीच पीत नाही. घरची गृहिणी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते. पोट बिघडणार नाही तर काय होईल?

एवढं करा

* पाणी पुरेसं प्या, शौचाची वेळ टाळू नका.
* रोज एक उसळ, एक पालेभाजी. चोथा हळूहळू वाढवा, एकदम वाढवला तर पोट फुगतं.
* अँटिबायोटिक गोळ्या मनानं घेऊ नका. चांगले जिवाणूही त्यात मरतात.
* बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला पार्किन्सन होत नाही. पण तिच्या जोडीला वास न येणं, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं, हात थरथरणं दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा.
* शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल तर थांबू नका.
* नैराश्याच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या सोडून दह्यावर विसंबू नका.

आत्याबाई आता गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घेतात. दुपारी ताकाचा पेला दोन्ही हातांनी धरून पितात. थोडं सांडतं. ‘पोटानं आधीच सांगितलं होतं गं, आपणच ऐकलं नाही,’ असं परवा म्हणाल्या. तुमच्या घरी कुणी असं सांगत असेल, तर तुम्ही तरी ऐका.