मिरगाआधीची बेगमी

मालवणच्या किनाऱ्यावर फळांचा मोसम जितका उदार, तितकाच उतावळा असतो. थंडीत मोहरलेला आंबा, त्याच सुमारास खोडावर कुयऱ्या धरू लागलेला फणस आणि पानांच्या आडोशाने बारीक फुले आलेला रातांबा ही तिन्ही झाडे आपापल्या वेळी फुलतात खरी, परंतु पिकतात ती चैत्र-वैशाखाच्या दोन महिन्यांत, जणू एकमेकांशी ठरवून. आणि जूनच्या सातव्या-आठव्या दिवशी मिरग लागून आभाळ एकदा खाली उतरले, की चार महिने उन्हाचे दर्शन दुर्मिळ होते. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग या चार महिन्यांतच कोसळतो. सबब येथील गृहस्थाला झाड लावता येणे जितके आवश्यक, तितकेच त्याचे फळ मिरगाआधी मार्गी लावता येणेही आवश्यक असते. ज्याच्या परड्यात चार झाडे आहेत पण घरात बरणी, सूप आणि चटई यांची तजवीज नाही, त्याची अर्धी फळे झाडाखालीच कुजतात, हा अनुभव मी अनेक घरांतून घेतला आहे.

घरामागच्या बागेला इकडे परडे म्हणतात. पुढे शेणाने सारवलेले खळे, मागे परडे आणि त्याला जांभ्या दगडाचा गडगा किंवा करवंदीची वई, अशी येथील जुन्या घराची मांडणी. या परड्यात कोणते झाड कोठे असावे याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे आणि तिच्यामागे पक्का विचार आहे. न्हाणीचे पाणी जेथे वाहत जाते तेथे केळीचे बेट, कारण केळीइतका पाण्याचा लोभ अन्य कोणत्याही फळझाडाला नाही. बावीच्या काठी माड आणि पोफळी. माडांच्या विरळ सावलीत रातांबा, कारण कोवळेपणी त्याला थेट ऊन सोसत नाही. फणस कडेला, गडग्याजवळ, त्याचा विस्तार आणि त्याची सावली इतर झाडांना जाचू नये म्हणून. आणि आंबा उघड्यावर, जेथे त्याला दिवसभर ऊन मिळेल, मात्र समुद्राकडून येणारा खारा वारा थेट मोहरावर आदळणार नाही अशा बेताने.

जांभ्याच्या कातळात झाड लावणे म्हणजे प्रथम त्याच्यासाठी माती निर्माण करणे होय. उन्हाळ्यात हातभर रुंद आणि हातभर खोल खड्डा खणून भागत नाही. आंब्यासाठी तो लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही बाजूंनी मीटरभर हवा, आणि त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत भरून पहिल्या पावसानंतर कलम लावावयाचे. जांभ्याचा एक गुण असा की पाणी त्यात साचत नाही, आणि दोषही तोच, कारण पावसाळा सरताच माती तहानेने व्याकूळ होते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात आळ्यावर पातेऱ्याचे आच्छादन घालून बेताने पाणी द्यावे लागते. ही मशागत ज्याने केली त्याचे कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळाचा पहिला दाखला देते.

रोप आणि कलम यांतील भेद रातांब्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात. सात-आठ वर्षे खतपाणी घालून वाढविलेल्या झाडाला फळच धरत नाही तेव्हा घरातील माणसे दैवाला बोल लावतात, वस्तुतः ते झाड नर असते एवढेच. यावर मृदुकाष्ठ कलमाचा उपाय आहे: फळणाऱ्या मादी झाडाची काडी कोवळ्या रोपावर बांधली की झाडाची जात आणि लिंग दोन्ही निश्चित होतात, आणि फळही लवकर येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली, तिची साल जाड आहे आणि तिची बहुतेक फळे पावसाआधी हाती येतात. मागाहून पिकणाऱ्या गावठी रातांब्याचा मोठा वाटा पावसात झडून चिखलात मिळतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दुसऱ्या गुणाची किंमत सांगावी लागणार नाही.

आता आंब्याकडे वळू. हापूस टिकविण्याचे काम झाडावरच सुरू होते. फळ पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवले तर ते आतून बिघडते, आणि कोवळे उतरविले तर सुरकुतते व आंबट राहते. म्हणून खांदे भरून देठाजवळ किंचित खळगा पडला, की फळ ‘चौदा आणे’ तयार झाले असे समजून ते उतरवितात. रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हाचे हे परिमाण आणे व्यवहारातून जाऊनही बागाईतदारांच्या तोंडी टिकून आहे. फळ झेल्याने, देठासह, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर काढावे. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि त्या डागातून कूज शिरते. उतरविलेले फळ तापलेल्या कातळावर ठेवणे हा तर अपराधच समजावा, कारण हापुसाच्या गरात पांढरट, पोकळसर, आंबूस असा जो ‘साका’ पडतो तो उष्णतेने वाढतो. साका बाहेरून दिसत नाही. सुरी लावल्यावरच कळतो. या दोषावर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अत्यंत पातळ कोयीची ‘सिंधु’ या जाती काढल्या, त्या अनुक्रमे १९८१ आणि १९९२ साली. परड्यात एकच कलम लावण्याइतकी जागा असेल तर मी रत्नाचा विचार करण्यास सांगेन. हापुसाचा सुवास तिला नसला, तरी साक्यापासून ती मुक्त आहे आणि हापुसासारखी एक वर्षाआड रुसत नाही.

उतरलेला आंबा आढीत जातो. हवेशीर, सावलीच्या खोलीत भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर फळांचा एक थर, पुन्हा पेंढा, अशी ही रचना असते. पिकू लागलेल्या फळातून एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तोच शेजारच्या फळाला पिकण्याची आज्ञा देतो. म्हणून आढीत एक फळ कुजले तर त्याचे लोण सर्वत्र पसरते, आणि म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज आढी चाळून पिकलेले, डागळलेले आणि कच्चे अशी निवड करावी लागते. आठ-दहा दिवसांत हापूस रंगावर येतो. ज्यांना एवढा धीर नाही ते कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवतात. कायद्याने त्यास मनाई आहे, आणि असावीच, कारण त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिकसारख्या विषांचा अंश येतो. फळाला रंग येतो, गोडी येत नाही. शहरातील वाचकांसाठी आणखी एक सूचना: कच्चा हापूस शीतकपाटात ठेवू नये. बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या खाली त्याला थंडी बाधते आणि तो पुढे नीट पिकतच नाही.

परंतु बेगमीचा खरा आंबा हापूस नव्हे, तो रायवळ. कोयीपासून आपोआप वाढलेले, प्रत्येक झाडाची चव निराळी, धागे असलेले, चोखून खावयाचे हे आंबे बाजारात फारसे विकले जात नाहीत, आणि त्यामुळे नव्या कलमांना जागा करण्यासाठी अनेक परड्यांतून रायवळाची जुनी झाडे तोडली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. मिठात टिकणारा आंबा हाच. कच्चा, घट्ट, न आपटलेला रायवळ देठासह धुऊन, पुसून, कोरडा करून चिनी मातीच्या बरणीत मिठाच्या थरांत रचतात, उकळून थंड केलेले खारे पाणी वर ओततात आणि नदीतला स्वच्छ गोटा धुऊन त्यावर ठेवतात. गोटा अशासाठी की एकही फळ पाण्यावर डोके काढू नये; जे वर येते त्यालाच बुरशी धरते. मीठ फळातील पाणी ओढून घेते, आणि एवढ्या मिठात कुजविणाऱ्या जिवाणूंचा जोर चालत नाही. आषाढात, बाहेर पागोळ्या गळत असताना, उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर हा आंबा ज्याने खाल्ला आहे त्याला त्याच्या चवीचे वर्णन नको. उरलेल्या कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून उन्हात वाळविल्या की आंबोशी होते, आणि पिकलेल्या रायवळाचा रस ताटाला तुपाचा हात लावून थरावर थर वाळविला की आंब्याचे साट. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यालगत गेले तेव्हा झाडाखाली कच्च्या आंब्यांचा सडा पडला होता; आपटलेला आंबा आढीत पिकत नाही आणि बरणीतही टिकत नाही, पण ठेचलेला भाग कापून टाकून उरलेल्याची आंबोशी करता येते, हे ज्या घरांत ठाऊक होते तेथे त्यातले पुष्कळसे फळ वाचले.

फणसाचे दोन प्रकार, कापा आणि बरका. कोरड्या, करकरीत गऱ्यांचा कापा तसाच खावयाचा किंवा कच्चा असताना त्याचे गरे तळावयाचे. बरक्याचा बुळबुळीत रस साटासाठी उत्तम. बी लावताना ती काप्याची आहे म्हणून झाडही कापाच निघेल असा भरवसा धरू नये. फणसाची सर्वांत सुंदर साठवण त्याच्या बियांची, म्हणजे आठळ्यांची. आठळी ही जिवंत वस्तू आहे: ती फार सुकली तर मरते व दगडासारखी होते, ओली राहिली तर रुजते किंवा कुजते. म्हणून तांबड्या मातीच्या पातळ चिखलात आठळ्या घोळवून त्या सावलीत सुकवितात. मातीचे हे कवच आतला ओलावा धरून ठेवते आणि किडीला आत येऊ देत नाही. भर पावसात कवच फोडून चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेली आठळी हा या भागातील मुलांचा खाऊ.

आता रातांबा, ज्याच्यावाचून या किनाऱ्याचे स्वयंपाकघर चालणार नाही. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या आंबट फळाची नोंद ‘भिरंड’ या कोंकणी नावाच्या पोर्तुगीज रूपाने केली आहे. म्हणजे आज आपण ज्याची कढी पितो त्याची कीर्ती साडेचारशे वर्षांपूर्वीच ग्रंथात पोचली होती. फळ काळसर लाल झाले की ते धुऊन, चिरून, आतला बियांसकटचा गर वेगळा काढतात आणि त्याला मीठ लावून ठेवतात; त्याला सुटणारा गडद लाल रस म्हणजे आगळ. शेकडा पंधरा-सोळा भाग मीठ असलेले आगळ वर्षभर टिकते. सालींचे कोकम होते. पहिल्या दिवशी साली चटईवर वाळवावयाच्या, संध्याकाळी त्या आगळात बुडवावयाच्या, सकाळी पुन्हा उन्हात. अशी सहा-सात पुटे दिल्यावर साल काळीभोर, मऊ आणि चकचकीत होते. एका पुटाने साल नुसती सुकते. तिला रंग आणि आंबटपणा येतो तो परतून परतून पाजलेल्या रसाने. तांब्या-पितळेचे भांडे या कामी कदापि वापरू नये, कारण हे आम्ल धातूला खाते.

या सहा-सात पुटांना सहा-सात कडकडीत दिवस लागतात, आणि रातांबा तर पावसाच्या तोंडावर पिकतो. माझ्या आजोळी मेच्या शेवटच्या आठवड्यात आजी दर तासाला पश्चिमेकडे पाही. “पावस इलो की सोलां गेली,” एवढेच ती म्हणे, आणि ढग दिसताच घरातील लहानथोर सर्व जण खळ्यातल्या चटया उचलण्यास धावत. अर्धवट वाळलेल्या सालींवर एक सर पडली की दुसऱ्या दिवशी बुरशीचा पांढरा थर चढे. आता पारदर्शक कागदाने आच्छादिलेल्या सौर वाळवणीची सोय झाली आहे, आणि ज्याच्याकडे दोन-तीन झाडे आहेत त्याने ती अवश्य करावी.

केळीचा लोंगर, जांभळे, काजूचे बोंडू यांच्या टिकवणीविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. कंगोरे मावळून केळी गोलसर झाली की लोंगर उतरून पेंढ्यात पिकवावा. बोंडू एका दिवसात नासतो. त्याची बी मात्र दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने राहते.

वाळविलेल्या वस्तूंचा खरा शत्रू पावसाळ्याची हवा. ती इतकी दमट असते की वाळलेली आंबोशी उघडी राहिल्यास पुन्हा पाणी शोषून घेते. म्हणून जुन्या घरांत साट, आंबोशी, कोकम यांची मडकी आणि बरण्या चुलीवरच्या माळ्यावर असत. खालून रोज धूर आणि ऊब मिळे. आज चूल गेली आहे, तेव्हा बरणी पूर्ण कोरडी करणे, तोंडाला स्वच्छ फडके व घट्ट झाकण लावणे आणि कोरड्याच हाताने वस्तू काढणे, एवढा बंदोबस्त तरी पाळावा.

आगळासाठी मिठात ठेवलेल्या गरातून उरलेल्या रातांब्याच्या बिया फेकून देण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्या धुऊन, वाळवून ठेवाव्यात आणि पाऊस सरल्यावर कुटून पाण्यात उकळाव्यात. वर तरंगणारी चरबी निवली की घट्ट होते आणि तिचे मुठीत वळून गोळे करता येतात. हे मुठेल. अंगाच्या उबेच्या जवळपास ते वितळते, त्यामुळे टाचेवर चोळताच भेगेत उतरते. मार्गशीर्षात आजी रात्री निजण्यापूर्वी असा एक गोळा चुलीशी धरून मऊ करी आणि आमच्या टाचांना लावी. तेव्हा मागच्या दाराने आंब्याच्या मोहराचा वास आत येऊ लागलेला असे.